शाफ्टच्या दाराशी

माझे दाजी लिफ्टचे मिस्त्री. आपण ज्या लिफ्टमध्ये बटण दाबून शिरतो आणि आरशात केस सारखे करतो, त्याच लिफ्टच्या टपावर कधीतरी दाजी उभे राहिलेले असतात, हातात पाना आणि कपाळाला बांधलेला दिवा घेऊन. ज्या उभ्या पोकळीतून लिफ्ट वरखाली जाते तिला शाफ्ट म्हणतात, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. शाफ्टमध्ये अंधार असतो, ग्रीसचा वास असतो आणि खाली पाहिलं तर तळ दिसत नाही. दाजींना मात्र तिथे घरच्यासारखं वाटायचं. शिडीवरून ते असे सरसर जायचे की कामावर त्यांचं नावच 'खार' पडलं होतं. ताई आणि दाजी राहतात ती इमारत जुनी, लिफ्ट नसलेली. सगळ्या गावाला वर पोचवणारा माणूस स्वतः मात्र रोज चार जिने चढून घरी यायचा, यावर आमच्याकडे विनोद करून करून चोथा झाला होता.

ताई गाडी चालवायला शिकवते. तिच्या शेजारी बसून लोक भर रस्त्यात गाडी बंद पाडतात, मागून हॉर्नचा गदारोळ उठतो, आणि ही शांतपणे म्हणते, "होऊ दे त्यांचं. आपण पुन्हा सुरू करू." माझ्या बहिणीचा आवाज चढलेला मी क्वचितच ऐकलाय. घरात तिसऱ्या तिच्या सासूबाई. तोंडाने फटकळ, पण मुलाचं कौतुक सांगायला लागल्या की थांबायच्या नाहीत.

असं सगळं सुरळीत चाललं असताना दाजी पडले. एका ऑफिसच्या इमारतीत, शाफ्टमधली फळी निसटली आणि ते खालच्या लिफ्टच्या टपावर जाऊन आदळले. जिवावरचं पायावर निभावलं. मांडीचं हाड मोडलं, सळई घालावी लागली. पुढचे कितीतरी महिने दाजी पलंगावर, मग कुबड्यांवर, मग काठीवर. ताई सकाळी शिकाऊ लोकांना घेऊन रस्त्यावर, दुपारी घरी येऊन दाजींचा व्यायाम, संध्याकाळी पुन्हा गाडी. सासूबाई भाजी चिरता चिरता मुलाला दम द्यायच्या, "वाकव गुडघा. लहानपणी नाही म्हणायला शिकवलं नाही तुला." दाजी हसायचे आणि गुडघा वाकवायचे. हाड छान जुळलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली. आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे.

पुढचं दाजींनी आम्हाला बऱ्याच उशिरा सांगितलं.

कामावर परतले त्या दिवशी त्यांचा नेहमीचा जोडीदार, ज्याला सगळे जाड्या म्हणतात, तो बरोबर होता. शाफ्टचं दार उघडलं. समोर लिफ्टचा टप, एक पाऊल टाकलं की काम सुरू. दाजींचा पाय उचलेना. कानात घूं घूं व्हायला लागलं. जाड्या म्हणाला, उन्हाने झालं असेल, तू बस, मी बघतो. दुसऱ्या दिवशी ऊन नव्हतं, तरी तेच झालं. तिसऱ्या ठिकाणी तर ते दाराची चौकट धरून खालीच बसले. जाड्याने कुणाला काही सांगितलं नाही, दोघांचं काम एकट्याने ओढलं. पण असं किती दिवस झाकणार? कंपनीच्या मॅनेजरला कळलं. माणूस वाईट नव्हता. त्याने दाजींना तक्रारींच्या फोनवर बसवलं. लिफ्ट अडकली की आतल्या माणसाने आतलं बटण दाबायचं, फोन थेट दाजींच्या टेबलावर वाजायचा, आणि दाजींनी जवळचा मिस्त्री पाठवायचा.

घरी येऊन दाजी म्हणाले, "बढती मिळाली. आता ऑफिसात बसायचं."

सासूबाईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. माझा मुलगा साहेब झाला, हे त्यांनी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना सांगितलं. ताईने दोन नवे शर्ट आणले. मीही अभिनंदन केलं. दाजी म्हणाले, "हं."

त्यानंतर त्या घरात जाणं मला नकोसं व्हायला लागलं. दाजी कामावरून यायचे, खिडकीकडे तोंड करून बसायचे. काही विचारलं तर एका शब्दात उत्तर. एकदा कपाटाचं दार कुरकुरलं म्हणून त्यांनी ते इतक्या जोराने आपटलं की बिजागरी निखळली. माझ्या त्या हसऱ्या दाजींना काय झालंय ते मला समजेना. ताईला म्हटलं, काहीतरी बोल ना त्यांच्याशी. ती म्हणाली, बघू. मला तिचाही राग आला. हिचं डोकं बर्फाचं आहे की काय, असं वाटलं.

त्या दिवसांत ताईचंही काही सोन्याचं चाललं नव्हतं. एका शिकाऊ बाईने तिची गाडी दुकानाच्या कट्ट्यावर चढवली, गाडी दुरुस्तीला गेली, आणि ताई दुसऱ्याच्या खटारा गाडीवर शिकवत फिरत होती. घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द नाही. हसत सासूबाईंना तो किस्सा रंगवून सांगितला, इतका की त्या हसून हसून ठसकल्या. दाजी मात्र खिडकीशीच.

आणि मग तो दुपारचा फोन आला.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत एकटी म्हातारी बाई. आवाज करारी. आधी तिने दाजींना फैलावर घेतलं, मग माणूस कधी येणार ते विचारलं. जाड्या निघाला होता, पण रस्त्यात गर्दीत अडकला होता. दाजींनी तसं खरं सांगितलं. मग बाईंचा श्वास ऐकू यायला लागला, तोकडा, भरभर. त्या म्हणाल्या, हवा संपत चाललीय.

टेबलाशेजारी एक कागद चिकटवलेला होता, अशा वेळी काय बोलायचं ते लिहिलेला. घाबरू नका, आमचा माणूस येत आहे, वगैरे. दाजींनी त्याकडे पाहिलंच नाही. ते म्हणाले, हवा संपत नाही बाई, दाराला खालून वरून फटी असतात, हात लावून बघा. बाईंनी हात लावला. गार लागतंय, म्हणाल्या. मग दाजींनी त्यांना डोक्यावर काय काय आहे ते सांगितलं. लिफ्टला एक दोर नसतो, कितीतरी असतात, आणि त्यातला एकटा दोरसुद्धा ओझं पेलू शकतो. दोरांनीच दगा दिला तर खाली लोखंडी जबडे आहेत, ते बाजूच्या उभ्या रुळांना चावून बसतात. तेवढ्यात वर खट् असं वाजलं. बाई दचकल्या. दाजी म्हणाले, तो ब्रेक आहे, आपली पकड घट्ट करतोय, चांगला आवाज आहे तो. असं एकेका आवाजाला त्यांनी नाव दिलं. बाईंचा श्वास हळूहळू लांबला. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणायची, हेही त्यांनी सांगितलं. आणि मग त्यांनी विचारलं,

"तुम्हाला आत काम करताना भीती नाही वाटत?"

दाजींना फोन ठेवून द्यावा असं वाटलं, म्हणाले आम्हाला. पण पलीकडे एक माणूस बंद लिफ्टमध्ये एकटं बसलेलं होतं. त्याच्याशी खोटं कसं बोलायचं?

"वाटते, बाई. मी पडलो होतो. तेव्हापासून शाफ्टच्या दाराशी गेलो की पाय उचलत नाही. म्हणून तर फोनवर बसलोय."

"घरी माहीत आहे?"

"नाही. बढती मिळाली म्हणून सांगितलंय."

"का?"

बाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत. वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "मी मघाशी हवा संपत चाललीय म्हणाले, तेव्हा तुम्ही मला हसलात का?"

"नाही."

"मग तुमच्या घरचे हसतील असं का धरून चाललात? आज सांगून टाका."

इतक्यात जाड्या पोचला. दार उघडल्याचा आवाज दाजींनी फोनवरच ऐकला. जाड्या नंतर म्हणाला, बाई बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि त्याला उशिराबद्दल असं झापलं की त्याला शाळा आठवली.

त्या संध्याकाळी मी ताईकडेच होते. ताई आणि मी मटार सोलत होतो, सासूबाई पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. दाजी आले ते खिडकीकडे गेलेच नाहीत. आमच्यासमोर उभे राहिले, आणि शाळेत पाठांतर म्हणून दाखवावं तसं सगळं एका दमात सांगून मोकळे झाले. चौकट धरून खाली बसले ते, जाड्याने झाकलं ते, बढतीचं, मोठ्या बाईंचं. शेवटी म्हणाले, "मी घाबरतो. बस, एवढंच आहे."

ताईने हातातली शेंग पूर्ण सोलली. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

"जाड्याने सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं. स्वयंपाकघरातला दिवा गेला, तेव्हा तुम्ही स्टुलावर पाय ठेवलात आणि काढून घेतलात. म्हणालात, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेल्यावर मीच तो लावला. माळ्यावरचे डबे मी खाली आणून ठेवले, ते काय उगाच?"

मी बघतच राहिले. डबे मलाही दिसले होते, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

दाजींनी विचारलं, "मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"शिकणाऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग आपण ओढून घेतलं ना, की त्याचा हात पुन्हा कधी स्थिर होत नाही," ताई म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले. पण खरं सांगू, फार वाट बघायला लावलीत." आणि हे बोलताना पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले. म्हणजे डोकं बर्फाचं नव्हतंच. ती इतके दिवस सगळं एकटीने पोटात घालून वावरत होती.

सासूबाईंना सगळं नीट कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तू साहेब नाहीस?"

"नाही, आई."

"मग मी शेजारणीला काय तोंड दाखवू?" त्यांनी क्षणभर विचार केला. "जाऊ दे. खुर्चीवर बसतो की नाही? मग साहेबच. तू नको मध्ये बोलूस." आणि मग त्यांनी दाजींना जवळ बोलावून घेतलं, मोडलेल्या मांडीवर हात फिरवत राहिल्या. मटार तसेच पडून राहिले.

यानंतर दाजी पुन्हा खार झाले, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. एका सुट्टीच्या दिवशी ताई त्यांच्याबरोबर गेली, जाड्याने शाफ्टचं दार उघडलं, दाजींनी चौकट धरून एक पाय टपावर ठेवला, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि परत फिरले. ताईला म्हणाले, "जाऊन आलो. आता मन मोकळं झालं." पुढे कधी गेले नाहीत. पण फोनवरचं काम शिक्षा म्हणून करायचं त्यांनी सोडलं. चिकटवलेला कागद काढून टाकला. अडकलेल्या माणसाला आवाजांची नावं सांगायची, ही त्यांची पद्धत हळूहळू इतरांनीही उचलली. मधे कंपनीने फोनचं काम कमी केलं, दाजी काही काळ अर्धा दिवसच कामावर जात होते. तेव्हा उरलेला अर्धा दिवस त्यांनी स्वयंपाकघर हातात घेतलं. सुरुवातीला जे शिजायचं ते पाहून सासूबाई म्हणायच्या, देवाने मला दात कमी दिले तेच बरं. पण घर चालत राहिलं. ताईची पाठ धरली तेव्हा तर पूर्ण घर त्यांनीच चालवलं, आणि ओठांवर शीळ होती.

गेल्या महिन्यात मी सहज ताईकडे गेले तर जाड्या तिथे बसलेला. एवढा थोरला माणूस, पण चेहरा पांढराफटक. सकाळी शाफ्टमध्ये त्याचा पाय सटकला होता. पडला नव्हता, दोराला धरून वाचला होता. डॉक्टरकडे गेला नाही, स्वतःच्या घरी गेला नाही, तडक इथे आला. दाजींनी त्याला धीर वगैरे काही दिला नाही. चहा पुढे ठेवला, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "नेमकं काय वाटलं तेव्हा? सावकाश सांग."

जाड्या सांगायला लागला. मी आणि ताई आवाज न करता बाहेर गॅलरीत जाऊन बसलो.