जिन्याखालच्या फळ्या

मोठे साहेब, तुम्ही खोटं बोलता. तोंडाने नाही, पाटीने. राजवाड्याच्या आतल्या जिन्यापाशी तुम्ही पितळी पाटी लावली आहे : 'वास्तूच्या जतनासाठी वरच्या मजल्यावर चाकांची खुर्ची नेता येणार नाही.' वाचणाऱ्याला वाटतं, बरोबर आहे, इतका जुना जिना, जपायलाच हवा. माना डोलावून लोक पुढे जातात. पण याच जिन्यावरून चाकांच्या वस्तू वर गेल्या आहेत आणि जिन्याचा टवकाही उडालेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. आजवर मी गप्प होते, कारण खुर्चीला कोण विचारतं. आता बोलते.

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. मागे दोन मोठी चाकं, पुढे दोन लहान, काळ्या रेक्झिनची बैठक आणि पाय ठेवायला दोन घडीच्या पट्ट्या. पुढचं डावं चाक अडकतं, त्यामुळे मी सरळ जायचं म्हटलं तरी भिंतीकडे ओढ घेते. मला ढकलणारे लोक पहिल्या दहा पावलांतच मला शिव्या देतात. त्यांचं चुकत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. तिथे नळ्या वाकवणारा एक बुटका, गोल कारागीर होता. प्रत्येक खुर्ची तयार झाली की तो स्वतः तिच्यात बसायचा, डुलायचा, मागे रेलायचा आणि शेजारच्याला म्हणायचा, "मला झेपली म्हणजे जगाला झेपली." शेजारचा म्हणायचा, "जगाचं वजन तुझ्याएवढं नसतं रे." अशी थट्टा ऐकत मी तयार झाले. तेव्हा मला वाटायचं, सगळं जग असंच पुढे येऊन, बसून, खात्री करून घेतं.

मग मी दवाखान्यात गेले. ते माझे चांगले दिवस. ऑपरेशन झालेली माणसं पहिल्यांदा खिडकीपर्यंत यायची ती माझ्यात बसून. बाळंतिणी घरी जायच्या त्या माझ्यात बसून, मांडीवर बाळ घेऊन. घरी जाताना लोक माझ्या पाठीवर थोपटायचे, माणसाला थोपटतात तसं. एक परिचारिका होती, ती माझ्या चाकांत तेल घालायची, लेकीच्या केसांत घालावं तसं निगुतीने. कुरकुर तिला खपायची नाही. ना माझी, ना डॉक्टरांची.

दवाखान्यात नव्या खुर्च्या आल्या आणि मला राजवाड्याला भेट दिलं गेलं. आमचं शहर म्हणजे जुनी राजधानी. राजे कधीच गेले, पण त्यांचे महाल, चौक, तोफा आणि तळी राहिली. ती बघायला लांबून लांबून लोक येतात. मला लाल फीत बांधली. मोठे साहेब, तुम्ही ती कापलीत, माझ्या पाठीवर हात ठेवून फोटो काढलात आणि म्हणालात, "आजपासून हा राजवाडा सर्वांसाठी खुला आहे." टाळ्या पडल्या. मलाही खरं वाटलं. टाळ्या संपल्यावर मला जिन्याखालच्या खोलीत ढकललं.

त्या खोलीत फरशी पुसायचे दांडे आहेत, मोडक्या कुंड्या आहेत, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या रुंद, जाड फळ्या आहेत. एका टोकाला पायरीत अडकायला आकडे, खाली रबर, दोन्ही कडांना उंचवटा. आधी मला कळेना की या कशाच्या. मग एकदा वरच्या महालात पाहुण्यांची मेजवानी ठरली. सुतार आला, फळ्या निघाल्या, जिन्यावर एकापुढे एक बसल्या, आणि बघता बघता जिन्याचा लांबलचक उतार झाला. त्यावरून पियानो वर गेला. मोठा, काळा, चकचकीत, खाली तीन छोटी चाकं. माणसं ढकलत होती आणि एकमेकांना बजावत होती, "जपून रे, पायरीला ओरखडा नको." ओरखडा गेला नाही. मागोमाग जेवणाच्या ढकलगाड्या गेल्या. सूपसुद्धा सांडलं नाही. मेजवानी झाली, फळ्या परत माझ्या शेजारी आल्या. मला वाटलं, आता पुढचा नंबर आपला. किती बावळट होते मी.

मित्रांनो, तुम्हाला उताराबद्दल एक सांगते. राजवाड्याला पक्का, बांधलेला उतारही आहे. तो फाटकापासून तिकीटखिडकीपर्यंत येतो आणि तिकीटखिडकीपासून थेट दुकानाच्या दारात जातो, जिथे किल्ल्या अडकवायच्या साखळ्या आणि छोटे राजवाडे विकायला असतात. तिथे तो संपतो. दुकानापर्यंत जायला वास्तूला काही होत नाही.

जोडून सुट्ट्या आल्या की इथे काय होतं ते बघायला हवं. सकाळपासून रांग. माणसं आराम करायला म्हणून घरून निघतात आणि इथे येऊन उभी राहतात. टाचा चोळतात, एकमेकांवर खेकसतात, पाण्याच्या बाटल्या संपवतात आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत पुन्हा उभी राहतात. बायको म्हणते, तुम्हीच म्हणालात येऊ या. नवरा म्हणतो, मी फक्त म्हणालो होतो. मी पाहिलेला प्रत्येक लांब सुट्टीचा दिवस असाच दमलेला असतो.

मागच्या सुट्टीत एक कुटुंब आलं. आई, थोरला मुलगा, त्याची बायको आणि धाकटी बहीण. आईने लॉन्ड्री चालवून घर उभं केलेलं. आयुष्यभर इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिल्याने तिचे गुडघे गेले होते. सुट्टीच्या दिवशी मला फाटकावर आणून ठेवतात; मुलाने तिथे ओळखपत्र ठेवून मला घेतलं. आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय? चालते की." चार पावलं चालली आणि भिंत धरली. मग माझ्यात बसली. हलकी होती. हात मात्र जड होते, कामाचे.

मुलाच्या फोनवर सगळा बेत लिहिलेला. "आधी राजवाडा, मग संग्रहालय, मग तोफा, मग बोट."

"मग दवाखाना," आई म्हणाली.

"आई, तुझ्यासाठीच आलोय ना आपण? तूच म्हणत होतीस, ते रंगवलेलं छत बघायचंय."

ते खरं होतं. वरच्या महालाच्या छताचं चित्र तिच्या लॉन्ड्रीतल्या कॅलेंडरवर होतं. वर्ष संपलं तरी तिने ते काढलं नव्हतं. इस्त्री करता करता मान दुखली की ती वर बघायची, तर समोर तेच. एवढंच कारण. दुसरं काही मोठं कारण नव्हतं, आणि असायची गरजही नाही. तिकीट तिनेही काढलं होतं, पूर्ण.

उतार आम्हाला दुकानात घेऊन गेला. दुकानाच्या पलीकडे जिना, आणि जिन्यापाशी ती पितळी पाटी. मुलाने ती मोठ्याने वाचली. शेवटी ठरलं की आळीपाळीने वर जायचं. आधी मुलगा आणि सून गेली. मग ते दोघं आले, धाकटी गेली. धाकटी आली तेव्हा आईने विचारलं, "हं, आता सांगा. कसं आहे छत?"

"मोठं आहे," मुलगा म्हणाला.

"मोठं म्हणजे?"

"म्हणजे सोनेरी. सगळं सोनेरीच आहे."

"सोनेरी कुठे हो?" सून म्हणाली. "निळं आहे. ढग काढलेत."

"वहिनी, ढग नाहीत गं ते. घोडे आहेत. पांढरे."

आई तिघांकडे बघत राहिली. "तुम्ही एकाच महालात गेला होतात ना?"

मुलाने फोन पुढे केला. फोटोत त्याचं कपाळ होतं आणि कपाळाच्या वर थोडं पिवळं, थोडं निळं. आई म्हणाली, "हे कपाळ मी तुझ्या जन्मापासून बघतेय. मला छत बघायचंय."

जिन्यापाशी एक पहारेकरी असतो. दिवसभर या पायावरून त्या पायावर होत उभा असतो. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "मावशी, मी सांगितलं म्हणू नका. त्या दाराआड फळ्या आहेत. जिन्यावर बसतात. त्यावरून पियानो नेलाय वर."

मुलगा ताडकन गेला आणि ड्यूटीवरच्या साहेबांना घेऊन आला. साहेब अगदी गोड बोलणारे. हातात वॉकीटॉकी.

"फळ्या आहेत," ते म्हणाले. "पण त्या कार्यक्रमासाठी आहेत."

"मग हा आमचा कार्यक्रम समजा," धाकटी म्हणाली.

"तसं नसतं, ताई. मोठ्या साहेबांची लेखी परवानगी लागते."

"मग मागा की."

"आज सुट्टी आहे. कचेरी बंद. तुम्ही कामाच्या दिवशी या."

"कामाच्या दिवशी आम्ही कामावर असतो," मुलगा म्हणाला. "म्हणून तर सुट्टीत आलो."

"त्याला मी काय करणार? तोवर आजींना दुकानात बसवा. तिथे एसी आहे. छताचं पोस्टकार्डही मिळतं."

मित्रांनो, मला हात असते तर मी तेव्हा कपाळाला लावले असते. लोकांना सुट्टी मिळते तेव्हा परवानगीला सुट्टी असते. परवानगी कामावर येते तेव्हा लोकही कामावर जातात. या दोघांची गाठ कधी पडायची?

आईने पर्स धाकटीकडे दिली. माझा ब्रेक स्वतःच्या हाताने लावला, खाली वाकली आणि पहिल्या पायरीवर बसली, जिन्याकडे पाठ करून. मग दोन्ही तळवे मागच्या पायरीवर टेकले आणि स्वतःला उचलून वर घेतलं. मग पुन्हा.

"आई, काय करतेस? लोक बघतायत," मुलगा म्हणाला.

"बघू देत. बघायलाच आलेत ना."

सुनेने बूट काढले, जॅकेट काढून सासूच्या खाली सरकवलं आणि तिच्या शेजारी पायरीवर बसली. "चला आई. तुम्ही सरका, मी जॅकेट सरकवते." दोघी तशाच वर सरकू लागल्या. मुलगा एक क्षण माझ्यापाशी उभा राहिला, मग खालून आईचे पाय धरायला गेला.

रांग थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, आम्ही सकाळपासून उभे आहोत."

"मीही जन्मभर उभीच होते हो," आई म्हणाली. "इस्त्री बसून होत नाही."

कुणी हसलं, कुणी फोन काढून तिचं चित्रण सुरू केलं. साहेब धावत आले. "आजी, पडलात तर जबाबदारी कुणाची?"

"तुमची असती तर फळ्या लावल्या असत्या."

ती मधल्या सपाट जागेपर्यंत पोचली. तिथून वरच्या महालाचं दार दिसतं, दाराच्या आत थोडा उजेड दिसतो. छत दिसत नाही. तिने मान शक्य तितकी मागे टाकली. पुढच्या पायरीवर हात टेकले, उचलायला गेली, आणि हात खाली आले. पुन्हा टेकले. पुन्हा आले.

"माझे हात संपले गं," ती सुनेला म्हणाली.

कुणी तिला खाली ओढलं नाही, कुणी हाकललं नाही. तसं झालं असतं तर निदान भांडायला कुणी समोर सापडलं असतं. ती जशी गेली तशी उतरली, फक्त फार सावकाश. माझ्यात परत बसली तेव्हा तिचे तळवे काळे झाले होते आणि थरथर माझ्या नळ्यांपर्यंत येत होती. संग्रहालय, तोफा, बोट, कशाचंही नाव कुणी काढलं नाही. फाटकापर्यंत मुलाने मला ढकललं. मी डावीकडे ओढत होते. त्या दिवशी त्याने मला एक शिवी दिली नाही.

"पुढच्या वेळी आधी परवानगी काढून येऊ, आई," तो म्हणाला.

"पुढच्या वेळी तुम्ही या. मी घरी बसेन."

सुट्टी संपली. कचेरी उघडली आणि जिन्याखालच्या खोलीत सुतार आला. मला वाटलं, आता फळ्या निघणार. कुणीतरी वर कळवलं असणार, कुणाला तरी लाज वाटली असणार. सुताराने फळ्या बाजूला सारल्या, मागून शिडी काढली आणि गेला. बाहेर ठोकाठोक झाली. नंतर मला बाहेर काढलं तेव्हा पाहिलं. जिन्यापाशी पितळी पाटीखाली नवी पाटी होती : 'पायऱ्यांवर बसण्यास सक्त मनाई आहे.'

मित्रांनो, तुम्ही सुट्टीत असा एखादा महाल बघायला गेलात तर जरूर वर जा. पण खाली कुणाला बसवून गेला असाल, तर फोटोत स्वतःचं कपाळ काढू नका. डोळे भरून बघा, म्हणजे खाली येऊन नीट सांगता येईल. आणि नुसतं सांगून थांबू नका. तिथल्या माणसांना विचारा की जिन्याखाली काय ठेवलंय. माझ्या चाकात कुणी तेल घातलं नाही तरी चालेल, मी ओढत जाईन. पण जाऊ कुठे, दुकानात?

मोठे साहेब, आज कामाचा दिवस आहे. रांग नाही, गर्दी नाही, तुमची कचेरी उघडी आहे आणि तुम्ही खुर्चीत बसला आहात. तुमच्या खुर्चीलाही चाकं आहेत, मी पाहिली आहेत. पियानोला वर न्यायला कुणी सही केली आणि त्या बाईला खाली ठेवायला कुणी, एवढंच विचारते आहे. लेखी द्या.