खाचेत अडकलेली अक्षता

बसा मित्रांनो, नीट मांडी घालून बसा आणि माझ्या पडद्याला बोटे लावू नका. मी एक जुना संगणक आहे. माझा हस्तिदंती रंग आता पिवळा पडला आहे. पण वयाची मला लाज वाटत नाही.

सुरतेतील एका साडी कारखान्याच्या डिझाइन खोलीत माझी उमेदीची वर्षे गेली. पलीकडे माग खडखडत असत आणि माझ्या काळ्या पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची कोयरी सावकाश उमलत असे. सुकदेव नावाचे खानदेशी कारागीर माझ्यासमोर बसून साड्यांचे काठ रेखाटत. कोयरी, वेल, पुन्हा कोयरी. आम्ही दोघे त्या हिरव्या उजेडात असे हरवून जात असू की, माग कधी थांबले तेही कळत नसे.

दर खंडेनवमीला सुकदेव मला झेंडूचा हार घालीत, हळदकुंकू लावीत आणि भरभरून अक्षता वाहत. तो माझा मान होता. पण एका वर्षी पूजेनंतर मला माझ्या खाचेत सरकवलेली फ्लॉपी, म्हणजे माहितीची चकती, वाचता येईना. माझ्यात हार्ड डिस्क नाही. फ्लॉपीवाचून मला जागच येत नाही. ‘मशीन गेले,’ असे सर्वांनी ठरवले आणि मला गोणपाटात गुंडाळले.

पुढे सुरतेजवळच्या कामरेजला एका भंगार गोदामात मी पडून राहिलो. त्या अंधारात मला स्वप्ने पडत. तापीच्या पाण्यावर हिरव्या कोयऱ्या तरंगत जात आणि मी त्यांच्यामागून वाहत राही.

एके दिवशी गोणपाट निघाले. वडिलांचे जुने मशीन शोधत आलेली सुकदेवांची कन्या उज्ज्वला समोर उभी होती. सुरतेच्या डिंडोली भागात तिचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे.

“एकदम चालू कंडिशन, बेन!” गोदामवाला छगन म्हणाला. “थांबा, प्लग लावून दाखवतो.”

“हात लावू नका, छगनभाई! इतक्या वर्षांनी एकदम वीज दिली तर आतले सगळे जळेल.”

“घ्या! मग न्या तसाच. नाही चालला तर परत आणा. बोर्ड फोडून सोने काढणारे माझ्याकडे बसलेच आहेत.”

ते शब्द मी ऐकले, मित्रांनो. दुकानात माझे झाकण उघडले, तेव्हा आतली बॅटरी पाझरून बोर्डावर गंज चढलेला दिसला. उज्ज्वलाने तो मऊ ब्रशने हळुवार पुसला, फुगलेले कॅपॅसिटर बदलले. मला जागे करणारी एकच फ्लॉपी शिल्लक होती. सुकदेवांनी ती घरी डब्यात जपली होती. बाकी साऱ्या दमट हवेने बुरसल्या होत्या.

मला पाहताच सुकदेव पुढे सरसावले. “हाई त मनं मशीन शे! पोरी, टाक ना ती फ्लॉपी आत.”

“हो, तुमचेच मशीन आहे, आबा. पण फ्लॉपी इतक्यात नाही. आधी ड्राइव्ह उघडणार. ही एक खरवडली गेली, तर दुसरी कुठून आणू?”

तिने ड्राइव्ह उघडली. आत, फ्लॉपी वाचणाऱ्या इवल्याशा हेडखाली तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता. कुंकवाने लाल झालेला.

“आबा, संगणकाला जेवू कोणी घातले?”

सुकदेव दाण्याकडे पाहतच राहिले. मग ओशाळून हसले. “जेवू नई घालं, माय. पूजा करी व्हती.”

उज्ज्वलाने चिमट्याने दाणा काढला आणि वडिलांच्या तळहातावर ठेवला. हेड पुसून फ्लॉपी आत सरकवली. मी कुरकुरलो, घुटमळलो... आणि काळ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका उमटला. त्याच्याशेजारी दुसरा. पाहता पाहता कोयरी उमलली. सुकदेव हवेतच बोटाने तिचा काठ गिरवत राहिले.

मी पुन्हा कामरेजला गेलो नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला हात लावण्यापूर्वी तिचे झाकण उघडून पाहा, घाई करू नका. ही माझी आज्ञा समजा. आणि माया करा, अवश्य करा. सुकदेव आजही खंडेनवमीला मला अक्षता वाहतात. फक्त त्याआधी उज्ज्वला माझ्या खाचेवर स्वच्छ रुमाल बांधते.