छातीला दोन गुण

"गुडघा साडेसात, ॲसिडिटी सहा, छाती दोन," भगवानराव मेश्रामांनी लॅपटॉपवरून वाचून दाखवलं. "लागला निकाल. उद्या डॉक्टरले गुडघा सांगायचा."

"छातीले दोन?" पोळी लाटता लाटता दीपा थांबली. "आवो, ड्राइव्हवे शोव्हल करताना तीन-तीनदा थांबता तुम्ही. छातीवर हात ठेवून उभे राहता. मले काय दिसत नाही खिडकीतून?"

"पण वर्षातून किती दिवस? बर्फ पडते तेव्हाच ना! तीनशे पासष्टनं भागलं तर काही उरतच नाही. गुडघा रोज दुखते."

"डॅड, जस्ट टेल देम एव्हरीथिंग," सोफ्यावरून ऊर्मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

"एका व्हिजिटमध्ये एकच तक्रार, बेटा. क्लिनिकचा रूल आहे. फोनवर सांगितलं त्यांनी."

रूल मोडणं भगवानरावांच्या रक्तात नव्हतं. फॅमिली डॉक्टरसाठी सरकारी यादीत नाव घातल्यावर त्यांच्या ब्रॉसार्ड उपनगरातल्या बाकीच्यांनी ओळखीपाळखी काढल्या, खाजगी दवाखान्यात पैसे मोजले. हे मात्र चार वर्षं पोस्टाची वाट बघत बसले, तेव्हा कुठे आता डॉक्टर मिळाल्याचं पत्र आलं. गंमत अशी, की मॉन्ट्रियलच्या एका संशोधन संस्थेत अकरा वर्षं त्यांचं काम एकच होतं: युरोपातल्या देशांच्या आरोग्यव्यवस्थांचा तक्ता भरायचा. कुठल्या देशात डॉक्टर किती दिवसांत भेटतो, ऑपरेशनला किती थांबावं लागतं, लस किती मुलांना मिळते, सगळं त्यांच्या जिभेवर. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! गेल्या जयंतीला इथल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या हाती आभारप्रदर्शनाचा माईक दिला, तर यांनी एस्टोनियात कागदाशिवाय प्रिस्क्रिप्शन कसं मिळतं ते सांगून सगळ्यांचा वरणभात गार केला. मनानं सोन्यासारखा माणूस, पण तक्त्याबाहेरचं जग त्यांना अंमळ अविश्वसनीय वाटे.

दीपा वृद्धाश्रमात कामाला होती. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, कपडे चढवायचे, जेवू घालायचं. गुणबिण देऊन छाती दुखते हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं शिफ्ट बदलून घेतली आणि न विचारता गाडीत जाऊन बसली.

"तू कायले?"

"तुम्ही गुडघा सांगा. मी बसते नुसती."

डॉक्टर त्रांब्ले तिशीतल्या, हसऱ्या, केस विस्कटलेल्या. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, दोन व्यायाम सांगितले. सहा मिनिटांत गुडघा निकालात निघाला. वीस मिनिटांच्या भेटीतली चौदा अजून हातात होती. दीपानं नवऱ्याकडे आशेनं पाहिलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर टाइप करता करता विचारलं, "आणि तुम्ही काम काय करता?"

झालं. भगवानरावांचा चेहरा असा उजळला, की दीपानं कपाळाला हात लावला.

त्यांची फ्रेंच कागदोपत्री होती, सरकारी अहवालांवर पोसलेली. पण विषय घरचा असल्यानं धावत सुटली. डेन्मार्कमध्ये प्रत्येकाच्या नावावर डॉक्टर असतो. पोर्तुगालमध्ये मात्र आपल्यासारखेच लाखो लोक डॉक्टरविना, तेव्हा क्यूबेकनं फार लाजू नये. नेदरलँड्समध्ये काहीही झालं तरी आधी पॅरासिटामॉल घेऊन घरी बसा म्हणतात, असा विनोदही त्यांनी करून टाकला. डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. बिचारीला दिवसभर खोकले आणि पाठदुख्या ऐकून कंटाळा आला असावा. तिनं उलट प्रश्न विचारले. भगवानरावांना आयुष्यात पहिल्यांदा श्रोता मिळाला होता, तोही डॉक्टर. खुर्ची पुढे सरकवून ते स्लोव्हेनियात शिरले.

भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं उरली. पुढची अपॉइंटमेंट मिळायची म्हणजे उन्हाळा उजाडणार, हे दीपाला माहीत होतं. उन्हाळ्यात बर्फ नाही, दुखणं नाही, आणि मग पुन्हा डिसेंबर. 

"बरं, बाकी काही?" डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवरचे नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. "चक्कर? धाप? छातीत दुखणं?"

"छातीत अगदी किरकोळ," भगवानराव प्रामाणिकपणे म्हणाले. "वार्षिक सरासरी काढली तर दिवसाला शून्य पूर्णांक तीन वेळा."

डॉक्टरीणबाईंनी 'किरकोळ' टाइप केलं.

"नो, मादाम!" दीपा उठून उभीच राहिली. तिची फ्रेंच वृद्धाश्रमात शिकलेली, व्याकरणाला पारखी, पण कुणालाही कळणारी. "सरासरी नाही. बर्फ काढतात. थांबतात. त्रुआ फुआ. तीन वेळा! हात असा." तिनं स्वतःच्या छातीवर मूठ दाबून धरली. "घाम येतो. उणे वीसमध्ये घाम! काल जिना चढतानाही थांबले."

"दीपा, एकच तक्रार..."

"चूप बसा तुम्ही!"

लग्नाच्या सत्तावीस वर्षांत हे वाक्य उच्चारलं गेलं नव्हतं. भगवानरावांनी पुढे सरकवलेली खुर्ची मागे घेतली.

डॉक्टरीणबाईंचं हसू गेलं. काल जिन्यावर नक्की काय झालं, ते त्यांनी हळू आवाजात पुन्हा विचारलं. मग शर्ट काढायला लावून भगवानरावांना टेबलावर झोपवलं, नर्सनं छातीला वायरी चिकटवल्या. यंत्रातून गुलाबी कागद सरकत बाहेर आला. डॉक्टरीणबाईंनी तो एकदा पाहिला, खिडकीशी नेऊन दुसऱ्यांदा पाहिला, आणि फोन उचलला.

"अँब्युलन्स बोलावतेय," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलमध्ये तुमची वाट बघतील."

"आज?"

"आत्ता."

भगवानराव टेबलावर उठून बसले. उघड्या अंगानं, पांढऱ्या केसांच्या छातीवर चिकटपट्ट्यांचे गोल डाग घेऊन. त्यांनी विचारलं, "पण माझ्या आधी यादीत कुणी असेल ना?"

"नाही, मेश्रामजी," बाई म्हणाल्या. त्यांना 'जी' कुणी शिकवलं होतं कोण जाणे. "आज तुमच्या आधी कुणी नाही."

त्यांनी शर्टाकडे हात नेला, पण बाही काही केल्या सापडेना. दीपा पुढे झाली.  रोज सकाळी आठ-दहा परक्या म्हाताऱ्यांना ती करत असे तसंच तिनं केलं: आधी उजवा हात बाहीत, मग डावा, मग खालून वर एकेक बटण. भगवानरावांनी आपण होऊन हनुवटी वर केली. मग ती फरशीवर गुडघे टेकून बसली, बुटाचं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि कामावरच्या त्या हलक्या, सवयीच्या आवाजात म्हणाली,

"द्या पाय."

त्यांनी दिला.