जावयाच्या लिंकवरून

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळायला खानदेशात कुणी लाजत नाही. एरवी पत्त्यांचं नाव काढलं तर लाटणं उगारणारी बाईसुद्धा त्या दिवशी नवऱ्याला म्हणते, जा, बसा झाडाखाली, फक्त जेवायला वेळेवर या. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, गाणी चालू असतात. दिवस मावळला की डाव मोडायचा आणि पुढच्या आखाजीपर्यंत पत्त्यांना हात लावायचा नाही. इतकी साधी रीत. पण लीलाधरला ती साधी ठेववली नाही. शहरात, मेहरूण भागातल्या भाड्याच्या खोलीत बसून त्यानं वेबसाइट काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘रोज आखाजी’!

हुशार माणूस, त्यात वाद नाही. रमीचं कोणतं ॲप चांगलं, जिंकलेले पैसे कुठं लवकर हाती येतात, हे तो आपल्या बोलीत सांगायचा आणि वर स्वतःचा हसरा फोटो लावायचा. खाली लिंक. तिच्यावरून जो खेळायला जाईल, त्याच्या खेळातला वाटा लीलाधरला. धरणगावकडच्या त्याच्या सासुरवाडीत तर पोरंटोरं सोडा, मिशा पांढऱ्या झालेली माणसंही म्हणायची, आपल्या झुलाल आबांच्या जावयाचंच दुकान आहे, फसायची भीती नाही.

मग गेल्या पोळ्याच्या सुमारास दिल्लीत कायदा झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, त्यांची जाहिरातही बंद. ॲपवाल्यांनी लोकांचे उरलेसुरले पैसे परत केले आणि शटर ओढलं. लीलाधरनंही वेबसाइट बंद केली, चार दिवस तोंड पाडून बसला आणि एका दाळमिलमध्ये कामाला लागला. दीपमालानं, त्याच्या बायकोनं, शिवणाची मशीन बाहेर काढली. बरं झालं, म्हणाली, निदान घास सुखानं गिळता येईल.

पण वेबसाइट बंद केली म्हणून लिंक मरत नाही. ती लिंक मुळात लीलाधरची नव्हतीच, कमिशन देणाऱ्या मधल्या कंपनीची होती. त्या कंपनीनं ती परस्पर परदेशातल्या कुठल्यातरी जुगाराला जोडून दिली. लीलाधरचा फोटो तोच, आवाज तोच, दुकान भलत्याचंच. गावोगावच्या ग्रुपांवर ती फिरत राहिली. त्यानं कंपनीला मेल केले, तर मशीन उत्तर द्यायची, आपली तक्रार महत्त्वाची आहे. पोलिसांच्या सायबर शाखेत गेला, तर तिथला साहेब सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, “तक्रार घेतो. पण जाहिरातीत तुम्हीच दिसताय. पहिले प्रश्न तुम्हालाच विचारावे लागतील. आणि ही साइट एक बंद केली की दुसऱ्या नावानं उघडते, तेही सांगून ठेवतो.” चोराच्या उलट्या बोंबा ऐकून घ्याव्यात, तसा लीलाधरकडे बघत होता. लीलाधर तक्रार देऊन आला. पुढं काही झालं नाही.

आणि आखाजीच्या आठवडाभर आधी सासूबाईंचा, पुष्पाबाईंचा फोन आला. आवाज दबका. “जावाईबापू, दिपूले सांगू नका. आबा फंडना पैसामा हात घाली ऱ्हायनात. तुमना फोटो शे त्या डाववर.”

झुलाल आबांनी उभी हयात एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर मिळालेला तो फंड, म्हातारा-म्हातारीचं पुढचं सगळं आयुष्य. त्यानं लगेच फोन लावला, आबा, तो डाव माझा नाही, हात लावू नका. आबा “बरं बरं” म्हणाले आणि कैऱ्यांचा विषय काढला.

फोनवर जमणार नाही, हे त्याला कळलं. आखाजीला तो दीपमालाला घेऊन मोटरसायकलवर निघाला, वाटभर एकच ठरवत, की आज आबांच्या पाया पडीन, भांडीन, पण खेळ थांबवीन.

घरी पोचले तेव्हा पुष्पाबाई चुलीपुढं खापरावर पुरणपोळ्या टाकत होत्या. दीपमाला मैत्रिणींबरोबर झोक्याकडे गेली. ताट मांडलं, आमरसाची वाटी भरली, आणि जावई हात मांडीवर ठेवून बसला.

“काय झालं? रुसनात का?” आबा हसले. आखाजीला जावयानं रुसावं आणि सासऱ्यानं पुरवावं, यात त्यांना काही नवल नव्हतं. “सांगा, काय पाहिजे?”

“तुमचा फोन द्या.”

आबांनी खिशातून काढून दिला. लीलाधरनं ॲप उघडलं. स्वतःचाच हसरा फोटो समोर आला. त्याला त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आत फंडातला निम्म्याहून जास्त पैसा गेलेला दिसत होता. त्यानं ॲप काढून टाकलं, लिंक पुसली आणि फोन परत दिला.

“आबा, कायद्यानं हे बंद आहे. हे चोर आहेत. माझा यांच्याशी काही संबंध नाही.”

आबांनी डोळा मिचकावला. “समजनं. पोलीसनी भीती शे, तुम्हाले असंच बोलनं पडस. मी काय येडा शे का?”

“आबा, शपथेवर सांगतो.”

“जेवा. पोळी थंडी व्हयी ऱ्हायनी.”

लीलाधरनं ताट सरकवलं. आवाज चढला. “तुम्ही रोज हरताय, आबा! तुम्हाला दिसत नाही? आयुष्यभर आखाजीशिवाय पत्त्याला शिवला नाहीत आणि आता म्हातारपणी हे?”

आबांनी दाराकडे बघितलं. लेक लांब झोक्यावर होती. मग ते जवळ सरकले आणि हळूच, एखाद्या पोराला समजवावं तसं बोलले.

“हारस, माले माहीत शे. पन कुठं हारस? तुम्हीच सांगेल ना, तुमनी लिंकवरून जो हारस, त्यानामातला वाटा तुम्हाले. तुमना धंदा बसना. पोर शिवणकाम करस, माले दिसस. पैसा दिधा तर तुम्ही घेतीन का? नही घेणार. म्हनीसन मी तुमनी लिंकवरून खेयस. हारनू त काय? मनी पोरना घरमाच जास.”

हा माणूस जिंकायला खेळतच नव्हता. जावयाचा मान राखून लेकीच्या घरात पैसा पोचवायचा, एवढ्याचसाठी तो रोज मन लावून हरत होता.

“आबा,” कसाबसा तो म्हणाला, “माझ्याकडे एक रुपया येत नाही. खरंच सांगतो. तुमचा पैसा कुठं जातो, मलासुद्धा माहीत नाही.” आणि त्याला रडू फुटलं, सासऱ्यासमोर, भरल्या ताटावर.

चुलीपुढून पुष्पाबाई बघत राहिल्या. आबांनी जावयाच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचेही डोळे भरले होते.

“मानी माणूस शे,” ते बायकोला कौतुकानं म्हणाले. “पोर चांगला घरमा पडनी.”

त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले, गावच्या ग्रुपवरून लिंक परत उतरवून घेतली आणि जावयाला दिसू नये म्हणून फोन घेऊन गोठ्याकडं निघाले.