जानकीची एकसारखी लादी

मुलुंडच्या घरी गुणाजीने लादी बसवली तेव्हा जानकीच्या पोटात असं दुखलं की ओवा खाऊनही थांबेना. गुणाजी तिचा धाकटा दीर. दोघा भावांची कौलारू घरं भिंतीला भिंत लावून होती, आणि दोन्हीकडे गावच्यासारखी चोपलेली मातीची जमीन. तोवर कुणाला कुणाचं काही वाटत नव्हतं. आता धाकटीच्या बाहेरच्या खोलीत वेलबुट्टीची रंगीत लादी आली होती, स्वयंपाकघरात शहाबादी फरशी, आणि दारात त्याची बायको सुलक्षणा स्वतः उभी होती.

"ये ना वहिनी, चप्पल राहू दे पायात," ती म्हणाली. जानकी अनवाणीच आली होती.

जानकीने सगळं डोळे भरून पाहिलं आणि खोट शोधून काढली. मागची खोली तशीच मातीची होती.

"इथे लादी पुरली नाही वाटतं?"

"आईंसाठी ठेवलीय. कधी आल्या राहायला तर."

हे मात्र जानकीला झोंबलं. सुलक्षणा गोरी, शिकलेली, तिचा नवरा कारखान्यात फिटर. जानकीचा जयवंत गिरणीत साचे चालवून, मागांच्या खडखडाटाने कानाने अधू झालेला. पण सासू शेवंतीबाई पहिल्यापासून जानकीकडे राहत होत्या, आणि ही एकच गोष्ट धाकटीकडे नव्हती. तिच्यावरही आता हिचा डोळा.

नळावर जानकी म्हणाली, "तीन खोल्यांना तीन तऱ्हा. गोधडी तरी बरी दिसते." बायका हसल्या, तेवढ्याने तिला बरं वाटलं. घरी येऊन तिने जयवंतचं डोकं खाल्लं. लादी हवी, तीही एकसारखी, दारापासून परसापर्यंत.

"आयेक इचारलंस?" जयवंतने विचारलं.

"त्यांना लादीतलं काय कळतं?"

गवंडी आले. त्यांनी जुनी माती खणून काढली, कोबा घातला आणि घरभर हिरवी-पांढरी लादी बसवली. जानकीने हळदीकुंकू केलं. सुलक्षणा म्हणाली, "झकास झालीय गं." ती मनापासून म्हणाली, म्हणून जानकीला गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेवंतीबाईंनी आपलं गाठोडं बांधलं.

"तुझी लादी बरी हा गो," त्या म्हणाल्या, "पण माका भुयेर मराचा आसा. मी गुणाजीकडे जातंय."

माणूस जायला लागलं की त्याला खाटेवरून उतरवून सारवलेल्या भुईवर घ्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. जानकीला ती चांगली ठाऊक होती. तिच्या सासऱ्यांना घेताना भुई तिनेच सारवली होती. लादी निवडताना मात्र तिला फक्त सुलक्षणाचं दार दिसत होतं.

"अहो, तुम्हाला काय झालंय? धडधाकट आहात."

"आज आसंय. येळ इली की माका उचलून न्हेतलो कोण?"

"मग मी लादीवरच सारवते."

तिने खरंच सारवलं. दुपारपर्यंत शेण वाळून पापुद्रे निघाले. म्हातारीने एक पापुद्रा उचलून बघितला, परसात टाकला आणि ती शेजारी निघून गेली.

मग शेवंतीबाई रोज सुलक्षणाच्या मागच्या दारात तांदूळ निवडत बसलेल्या दिसू लागल्या. सुलक्षणा काही सांगायची, त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. जानकीकडे त्या अशा कधी हसल्या नव्हत्या. नळावर कुणीतरी विचारलं, "म्हातारी हल्ली तिकडे का गं?" जानकी भरलेली कळशी उपडी करून तशीच घरी आली.

जयवंत पाळीवर गेला होता. तिने पहार घेतली आणि मधल्या खोलीच्या कोपऱ्यात घातली. आधी लादी फुटली, मग कोबा. खाली नुसते विटांचे तुकडे आणि खडी. मूठभर माती नव्हती. ती तिथेच बसली आणि संतापाने रडली.

आवाज ऐकून सुलक्षणा आली. तिने खड्डा पाहिला आणि परत गेली. थोड्या वेळाने घमेलं भरून माती घेऊन आली.

"ही तुमचीच. गवंड्यांनी आमच्या परसात टाकली होती. चांगली मुरलेली माती, म्हणून मी चाळून ठेवली," ती म्हणाली. "तू भुई कर आणि आईंना बोलाव. त्या येतील. रोज तुझंच तर नाव काढतात. मी माती दिली ते सांगू नको."

जानकी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. कुठेतरी कुत्सितपणा दिसेल, एखादा टोमणा येईल, मग आपल्याला भांडता येईल, म्हणून ती वाट बघत होती. काहीच आलं नाही. गोरा रंग होता, लादी होती, म्हातारीचं हसू होतं, आणि वर ही बाई चांगलीही होती. तेवढं तरी देवाने हिला द्यायचं नव्हतं.

सुलक्षणा माती पसरायला खाली बसली. जानकीने तिच्या हातातलं घमेलं ओढून घेतलं.

"ऊठ तू. माझ्या घरची भुई मी चोपीन."