बोटीच्या दिवशी मेलेला माणूस

आपण मेलो आहोत ही बातमी मिस्त्रीला एका निवृत्त शिक्षिकेने दिली.

धक्क्याजवळच्या शेडमध्ये तो एका होडीचं इंजिन उघडून बसला होता. हात कोपरापर्यंत काळे, तोंडात स्क्रू. बाई दारात येऊन थबकल्या, चष्मा पुसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, ते बुडाले ती जागा कुठली?"

मिस्त्री दचकला. बेट एवढंसं. तिथे कोणाला ठसका लागला तरी दुसऱ्या टोकाला कळायचं, मग हे बुडणं त्याच्या नजरेतून सुटलं कसं?

"कोण बुडालं?" त्याने स्क्रू काढून विचारलं.

"थोरले भाऊ. इंजिनं दुरुस्त करायचे ते." बाईंनी पिशवीतून जाडजूड पुस्तक काढून छातीशी धरलं. "तिसऱ्या प्रकरणात जातात हो."

पुस्तकावर धाकट्याचं नाव होतं.

धाकटा म्हणजे मिस्त्रीचा सख्खा भाऊ. आई-वडील लवकर गेले, त्याला मिस्त्रीनेच वाढवलं. वाढवलं म्हणजे काय, तो आपला आपण वाढत होता आणि हा अधूनमधून जेवायला हाक मारत होता. पोरगं कामाचं नव्हतं. पाना मागावा तर हातोडा आणायचं, आणि तोही आणताना वाटेत ढगांकडे बघत उभं राहायचं. पुढे तो शिकायला समुद्रापलीकडच्या शहरात गेला आणि तिकडचाच झाला. तो 'काहीतरी लिहितो' हे बेटावर सगळ्यांना माहीत होतं. पण ते सांगताना लोकांचा सूर असा लागायचा, जणू 'त्याला जरा बरं नसतं' असंच सांगताहेत.

त्या बरं नसलेल्याच्या कादंबरीने शहरात धुमाकूळ घातला होता. गोष्ट साधी. बेटावरचा थोरला भाऊ वादळात बुडतो आणि त्याची विधवा उरलेली सगळी पानं एका काळ्या खडकावर बसून समुद्राकडे बघत राहते. लोक हे वाचून ढसाढसा रडले. घरी बसून रडणं पुरेना, तेव्हा बोट पकडून बेटावर येऊन रडू लागले.

खडक खरोखरच होता. त्यावर बकऱ्या बसायच्या आणि आपल्या बसण्याचा पुरावा मागे ठेवून जायच्या. बेटावरच्या एकुलत्या एका दुकानदाराने तो घासूनपुसून घेतला, शेजारी 'प्रतीक्षेचा खडक' अशी पाटी ठोकली आणि बकऱ्यांना हुसकायला स्वतःच्या सासऱ्याला नेमलं.

मिस्त्रीच्या बायकोने हे ऐकलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. धक्क्यावर तिची छोटी खानावळ होती.

"मी विधवा? मला विचारलं कोणी?" ती परातीतल्या कणकेला बुक्क्या मारत म्हणाली. "येऊ दे त्याला, कानच उपटते."

तेवढ्यात शिक्षिकाबाई आत आल्या, थेट चुलीपाशी गेल्या आणि तिच्या गळ्यात पडल्या. "कसं हो सहन केलंत तुम्ही?"

मिस्त्रीच्या बायकोचे पिठाचे हात हवेतच राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. तिने एक मोठा सुस्कारा सोडला.

"काय सांगू बाई," ती म्हणाली, "सहन करावंच लागतं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. कोपऱ्यात बसून मिस्त्री भुरके मारत होता, त्याच्याकडे मात्र दोघींनीही बघितलं नाही.

मग दर बोटीने माणसं येऊ लागली. खानावळीत बसायला जागा पुरेना. एके दिवशी दुकानदार शेडमध्ये आला, इकडचं तिकडचं बोलला आणि हळूच मुद्द्यावर आला.

"मिस्त्री, तुझ्याकडे एक काम होतं. बोट येते त्या दिवशी जरा मेलेला राहशील?"

"म्हणजे काय करू?"

"काही करू नकोस रे. मेलेल्याला काय करावं लागतं? दार लावून आत बस. लोक इतक्या लांबून येतात, वहिनींकडे बघून डोळे पुसतात, आणि मागून तू येऊन ढेकर देतोस. बरं दिसतं का ते?"

मिस्त्रीने बायकोकडे तक्रार नेली. ती म्हणाली, "बसा की. नाहीतरी कुठे जाता?"

झालं. बोटीच्या दिवशी शेडला आतून कडी. मिस्त्री बडबड्या माणूस. गिऱ्हाईक नसलं तर तो इंजिनाशी बोलायचा. आता तोंडाला कुलूप लागलं. वेळ जाईना म्हणून त्याने ती कादंबरी वाचायला घेतली आणि तिथे सगळं बिनसलं.

पुस्तकातला थोरला उंचापुरा होता. कमी बोलायचा. घरात येताना पाय पुसून यायचा. आणि संध्याकाळी बायकोला गाणी म्हणून दाखवायचा! मिस्त्रीने पुस्तक आदळलं. बुडाला ते एका अर्थी बरं झालं, असं त्याला वाटून गेलं. पण मेला तरी तो माणूस त्याच्या घरातून जायला तयार नव्हता.

"पुस्तकातले ते कसे," बायको म्हणायची, "आल्याबरोबर पाय पुसतात."

"अगं, मेलाय तो!"

"मेलेला असून पुसतात. तुम्हाला काय धाड भरलीय?"

तशात धाकटा येणार अशी बातमी आली. दुकानदाराने खडकाशेजारी मांडव घातला, ध्वनिक्षेपक लावला. बोट भरून वाचक आले. धाकटा आता केस मागे वळवायचा आणि बोलताना मध्येच थांबून समुद्राकडे बघायचा. तो थांबला की लोकही थांबायचे. मिस्त्रीच्या बायकोला त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं होतं. कान उपटायचं ती केव्हाच विसरली होती, आणि ठेवणीतले कपडे घालून भाव खात होती.

मिस्त्री शेडमध्ये अंधारात बसून ध्वनिक्षेपकावर सगळं ऐकत होता. शिक्षिकाबाईंचा आवाज त्याने लगेच ओळखला. बाई आता नेमाने येत असत.

"वहिनी, तुम्हाला त्यांची कुठली आठवण जास्त छळते?"

मग बायकोचा आवाज आला, जरासा कापरा. "त्यांचं गाणं. रोज संध्याकाळी म्हणायचे. आता घर कसं मुकं झालंय."

मिस्त्रीच्या डोक्यात सणक गेली. आपली बायको भरसभेत परक्या माणसाचं कौतुक करते, आणि आपण कडी लावून ऐकतोय? त्याने दार लाथेने उघडलं आणि तेलाच्या हातांनी, चुरगळलेल्या बनियनवर, तरातरा मांडवात शिरला.

"मी कधी गायलो गं?" तो ओरडला.

"तेच तर!" बायको खुर्चीतून उठून तितक्याच जोरात ओरडली. ध्वनिक्षेपक चालू होता, त्यामुळे हे अख्ख्या बेटाने ऐकलं.

दुकानदाराने धीर करून "हे त्यांचे जुळे भाऊ" असं म्हणून पाहिलं, पण त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही. शिक्षिकाबाई उठल्या आणि मिस्त्रीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही जिवंत आहात?"

"आहे," मिस्त्री पुटपुटला.

"काही वाटतं का तुम्हाला? दर खेपेला रडलेय मी त्या खडकावर! सर्दी झालीय मला!"

"चुकलं, बाई," मिस्त्री म्हणाला, आणि आपण नक्की कशाची माफी मागतोय हे त्याचं त्यालाच कळेना. मागून एक गृहस्थ आमची फसवणूक झाली म्हणून ओरडू लागले. त्यांच्या बायकोने त्यांना खाली बसवलं. तिला पुढे काय होतं ते बघायचं होतं.

धाकटा उठला. या वेळी त्याने समुद्राकडे बघितलं नाही. "हा माझा दादा," एवढंच तो ध्वनिक्षेपकात बोलला आणि खाली बसला.

बोट गेली. धाकटा तेवढा मागे राहिला. संध्याकाळी तिघं खानावळीत बसले. बाहेर दुकानदार स्वतःच मांडव सोडत होता आणि स्वतःलाच शिव्या देत होता.

"मला मारलंस कशाला?" मिस्त्रीने विचारलं.

"तू जिवंत होतास तोवर गोष्ट पुढे सरकतच नव्हती," धाकटा म्हणाला. "सारखा बोलायचास."

"आणि माझं काय?" वहिनी कडाडली. "एवढं जाड पुस्तक, आणि त्यात मी एकदासुद्धा जेवले नाही! नुसती बसलेय आपली खडकावर. कधी बसले होते रे मी?"

धाकटा ताटात बोटाने रेघोट्या काढत राहिला. "तू नव्हतीस बसली. मी बसलो होतो."

"कधी?"

"तू नवीन लग्न होऊन आली होतीस. दादा वादळात अडकला होता."

मिस्त्रीला ते वादळ आठवलं. पलीकडच्या खाडीत त्याने होडी आडोशाला घातली होती, ताडपत्री पांघरून मस्त झोपला होता आणि दुसऱ्या दिवशी शिंकत घरी आला होता. एवढंच. आल्यावर जेवून पुन्हा झोपला होता.

"वहिनी घरात स्वयंपाक करत होती," धाकटा म्हणाला. "मला म्हणाली, येतील रे, कुठे जातायत. पण मला वाटलं तू गेलास. आई गेली, बाबा गेले, आता तूही. रात्रभर बसलो तिथे. तू आलास तेव्हा मी खडकावरून हाक मारली, पण तू इंजिनाशी बोलत होतास."

मिस्त्रीने पातेलं पुढे ओढलं आणि धाकट्याच्या ताटात न विचारताच वाढलं.

"मग बाईमाणूस कशाला केलंस?" वहिनीने नाक ओढत विचारलं. "स्वतःच बसायचंस."

"लहान मुलगा बसवला असता तर लोक म्हणाले असते, याला घरी न्या कोणीतरी."

यावर मिस्त्री आधी हसला. मग वहिनी हसली, आणि हसता हसता तिने धाकट्याचा कान धरून चांगला पिळला.

बोटी काही थांबल्या नाहीत. थोड्या दिवसांनी उलट जास्तच लोक येऊ लागले. मेलेला माणूस स्वतः भेटतो म्हटल्यावर कोण सोडतंय? शेडचं दार आता उघडं असायचं. शिक्षिकाबाई खडकाकडे फिरकायच्या नाहीत. त्या खोक्यावर बसून मिस्त्रीशी वाद घालायच्या की बुडताना त्याने आणखी थोडं धीराने घ्यायला हवं होतं. मिस्त्री काम करता करता आपली बाजू मांडायचा. खडकावर पुन्हा बकऱ्या बसू लागल्या, पाटीवर अंग घासू लागल्या, आणि दुकानदाराच्या सासऱ्याची नोकरी गेली.

पुढे धाकट्याने नवी आवृत्ती पाठवली. त्यात त्याने एक पान वाढवलं होतं. विधवा खडकावरून उठते, घरी जाते आणि पोटभर जेवते. शहरातल्या एका समीक्षकाने या जेवणाचा अर्थ उलगडायला वर्तमानपत्राचा अर्धा रकाना खर्ची घातला.

मिस्त्रीने ते पान शेडमध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि तसाच खानावळीच्या दाराशी गेला.

"अगं, ऐकलंस का? पुस्तकात तू जेवलीस!"

"काय जेवले?" बायकोने आतून विचारलं.

मिस्त्रीने पान पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं, उलटून मागेही पाहिलं. काय जेवली ते काही धाकट्याने लिहिलं नव्हतं.