शेवटच्या खांबापलीकडे

...औषधाच्या बाटलीच्या बुचाएवढाच तो, दिव्याच्या बगलेला बसवलेला, दुधी रंगाचा. वीजखात्यात सगळे त्याला डोळाच म्हणतात. बाहेर अंधारलं की हा ओळखतो आणि दिवा लावतो, उजाडलं की विझवतो. तिने त्यावर अंगठा दाबून धरला. डोळ्याला वाटलं, रात्र झाली – आणि शिडीच्या टोकाशी, दुपारच्या उन्हात, दिवा लख्ख पेटला. दिवा उत्तम होता. तिने मात्र अंगठा लगेच काढून घेतला.

आजवर किती वस्त्यांत तिने दिवे लावले असतील, मोजदाद नाही; वायरमनबाई आली की लोक चहा पाजायचे. पण हा खांब तिच्याच घरामागचा, वस्तीतला शेवटचा. याच्या पलीकडे नुसतं माळरान, आणि माळावर – हे कुणाला सांगायची सोयच नव्हती – तिचा अंधार. जेवणं आटोपली की काहीतरी निमित्त काढून ती तिथे जाऊन उभी राहायची. आधी काहीच दिसायचं नाही, मग एक चांदणी, मग चार-दोन, आणि मग एकदम इतक्या की मान अवघडली तरी खाली बघवत नसे... भीती लहानपणीच संपलेली. बाबा पाण्याच्या पंपावर रात्रपाळीला असायचे, ती डबा घेऊन गेलेली, आणि त्यांनी तिच्या हातातली बॅटरी मुद्दाम विझवून म्हटलं होतं, "रडू नको. थोडं थांब, दिसायला लागतं." आणि खरंच लागलं होतं... दिव्याच्या खात्यात नोकरी आणि अंधाराशी सूत! नवऱ्याला कळलं तर हसून हसून लोळेल.

"झालं का गं?" खालून सासूबाई.

"होतंय, आई!"

त्यांच्या घोट्याला अजून पट्टी होती. याच वाटेवर, अंधारात, दगड दिसला नाही आणि पाय मुरगळला. दिव्याचा हट्ट तेव्हापासूनचा. त्यांना नको म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? म्हणून मग ही टोपी – तेलाचा रिकामा डबा कापून तिने रात्री बसून केलेली. उजेड सगळा खाली, वाटेवर. वर आभाळाकडे कणभरही जायला नको. आईंचा पाय वाचेल, माझं आभाळही वाचेल... तिने टोपी दिव्यावर बसवली, आणखी जरा खाली ओढली, मग आणखी जरा.

चांगलं अंधारल्यावर दोघी खांबाखाली उभ्या राहिल्या आणि तिने खटका दाबला. दिवा लागला. वाटेवरचा खडा न् खडा दिसत होता, आणि वर... वर सगळं शाबूत. तिला गाणं म्हणावंसं वाटलं. तेवढ्यात दिवा विझला. मिनिटभराने पुन्हा लागला. पुन्हा विझला.

"हा मेला मला डोळा मारतोय की काय," सासूबाई म्हणाल्या, "या वयात?"

ती कपाळावर हात मारून हसत सुटली. टोपी इतकी खाली ओढलेली की डोळा टोपीच्या काठाशी आला होता, आणि आतला चकचकीत पत्रा दिव्याचाच उजेड त्याच्यावर फेकत होता. डोळ्याला वाटत होतं, उजाडलं. म्हणून तो दिवा विझवायचा, मग अंधार पाहून परत लावायचा. एखाद्या नवशिक्याने हे केलं असतं तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं.

"थांबा, शिडी आणते. डोळा फिरवला की झालं."

"राहू दे." सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. दिवा विझलेला होता आणि त्यांची मान वर होती. "अगंबाई... केवढ्या गं या! मी नवी सून होते ना, तेव्हा यायचे इथे. घरात ही माणसं, रडायलासुद्धा कोपरा नाही. रडायला म्हणून यायचे आणि रडायचं विसरून जायचे. मग पोरं झाली, संसार वाढला... वर बघायचं राहूनच गेलं."

दिवा लागला. दोघींनी डोळे मिचकावले.

"हात्तिच्या! आता परत कधी जाणार हा?"

"जाईल, आई. मिनिटभर."

डोळा उद्या फिरवायलाच हवा, घोटा अजून सुजलेला आहे... की आईंनाच विचारावं? तिला ठरवता येईना, आणि ठरवायची घाईही वाटेना. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की दुसरं कुणी आलं तर हे सारं उष्टं होईल, आपल्या वाटणीचं कमी होईल – म्हणून किती जपून, किती चोरून! आणि आता तिच्या मनगटावर एक खरखरीत हात होता, आणि दिव्याखाली उभं राहून दोघी तो विझण्याची वाट पाहत होत्या, आणि तिला एकदम सगळं सांगावंसं वाटत होतं – पहाटे माळाच्या कडेला कोण उगवतं, कुठल्या महिन्यात तो दुधाळ पट्टा बरोबर घराच्या कौलांवर येतो, पावसानंतर आभाळ कसं धुतलेलं असतं – इतकं साठलेलं, की कुठून सुरुवात करावी हेच तिला कळेना.